गुरुवारची सुट्टी आणि रविवारची पेटी

सलाम मंडळी. आमच्या चर्चमधली दोन-तीन पोरं आयटीआय करून भोसरीला कारखान्यात लागलीत आणि पाळकसाहेबांनी त्यांना पेटी-तबल्यावर आणि उपासना चालवायला घेतलंय, त्या पोरांनी विचारलं की तुम्ही नोकरी आणि चर्च दोन्ही कसं जमवता, म्हणून लिहितोय. मी प्रेसशॉप (पत्रा दाबून पार्ट काढायचा विभाग) आणि सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन) मिळून १९ वर्षं काढलीत आणि त्यातली १४ वर्षं चर्चमध्ये ले लीडर म्हणून, म्हणजे पाळक नसून उपासना चालवणारा साधा सभासद.

पहिला घोळ सुट्टीचा. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात वीकली ऑफ गुरुवारी असतो, लाईट पण त्याच दिवशी मेंटेनन्सला जाते. म्हणजे रविवार हा आपल्याला कामाचा दिवस. यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही, १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातच रविवारच्या बदल्यात तीन दिवस आधी किंवा नंतरची सुट्टी चालायची, आणि गुरुवार बरोबर तीन दिवस आधी येतो! त्यामुळे शिफ्टचं गणित मांडा. सेकंड शिफ्ट असेल तर सकाळची ९ ची उपासना आरामात होते. थर्ड असेल तर ७ ला सुटून अंघोळ करून थेट पेटीवर, फक्त प्रवचन त्या रविवारी घेऊ नका, मी एकदा घेतलं आणि एकच मुद्दा तीनदा सांगितला (बायकोने मोजला). फर्स्ट शिफ्टचा रविवार आला की दुसऱ्याशी शिफ्ट बदलून घ्या, पण त्याच्या दिवाळीला, आषाढीला, ईदला तुम्ही उभे राहिलात तरच तो तुमच्यासाठी उभा राहील.

आता हात. लेथवर, सीएनसीवर फिरणाऱ्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नसतात, मोजा अडकला की हात आत जातो. मग जॉबची बर (कापलेल्या पार्टच्या कडेला राहिलेली धारदार कोर) लागतेच, बोटांना बारीक चिरा पडतात आणि कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी-तेल) त्यात मुरतं. डावा हात भात्यावर असतो तो कसाही चालतो हो, पण उजव्या हाताची तर्जनी कापली की पेटी संपली. मी शिफ्ट सुटली की साबणाने हात धुऊन खोबरेल चोळतो, आणि बर ब्रशने किंवा फाईलनेच (कानशीने) काढतो, बोट फिरवून बघत नाही. ही सवय पहिल्या महिन्यातच लावा.

कान त्याहून महत्त्वाचे. ८ तासांच्या कामासाठी आवाजाची ९० डेसिबलची मर्यादा धरतात, आणि प्रेस चालू असताना शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं यावरून काय ते समजा. नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास होतं, बोलणं ऐकू येत राहतं म्हणून कळतच नाही. इअरप्लग घालायला लाजू नका.

घशाची गोष्ट माझ्यावर बेतलेली. गुड फ्रायडेला १२ ते ३ येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, मला पहिल्यांदाच पाचवा मिळाला होता, "मला तहान लागली आहे". सुपरवायझर पूर्ण रजा देईना, टार्गेट काढ मग हाफ डे घे म्हणाला. सकाळभर मशीनवर नव्या पोराला ओरडून शिकवत होतो, ११ ला गेटपास, सेफ्टी शूज घालूनच चर्च. माझी पाळी आली, ते वाक्य वाचलं आणि आवाज फाटला, पुढे नुसती हवा. एक मावशी पाणी घेऊन आल्या. नंतर लोक म्हणे, काय परिणाम साधलात! मी गप्प बसलो. त्या आठवड्यात ओरडायचं काम दुसऱ्याला द्या एवढंच.

गाण्यांचं सांगायचं तर आपल्या गीतात दोन जाती आहेत. परदेशी चालींची भाषांतरित गीतं, आणि पदं-अभंग-भजनांच्या वळणाची. ख्रिस्ती कीर्तन आणि देशी चालींसाठी नगरच्या रेव्ह. ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) फार केलं, त्यामुळेच पेटी-तबला आज आपल्याला परका वाटत नाही. नवख्याने भजनी ठेक्याची, ८ मात्रांची गीतं आधी बसवावीत. आणि पट्टी (गाण्याचा सूर) स्वतःच्या गळ्याला नाही, मंडळीच्या गळ्याला धरा. मी उत्साहात वरची पट्टी धरायचो, दुसऱ्या कडव्याला पुरुष गप्प, आज्या तेवढ्या किंचाळतायत. काळी एक (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर) बहुतेकांना पेलते.

काय करायचं नाही तेही लक्षात ठेवा. बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे पाळकांचं काम. शेवटचा आशीर्वाद आमच्याकडे ले लीडर हात वर करून देत नाही, "तुम्हा सर्वांबरोबर असो" च्या जागी "आपणा सर्वांबरोबर असो" म्हणतो. एका शब्दाचा फरक आहे पण जुनी माणसं बरोबर पकडतात, मला पहिल्याच रविवारी दाराशी उभं करून सांगितलं होतं.

अंत्यविधीचा फोन मात्र शिफ्ट बघून येत नाही. लॉकरमध्ये एक पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवलेला असतो माझा, आणि गीतांची वही, तिच्या कव्हरवर कूलंटचे डाग आहेत.