कर्णबधिर शिक्षकांना शाळेच्या कारभारात कसं आणायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात कर्णबधिर मुलांची शाळा चालवणाऱ्या मुख्याध्यापकांसाठी आणि संस्थाचालकांसाठी हे लिहिते आहे. माझी सगळी नोकरी याच पट्ट्यात झाली. मला पोटतिडकीने सांगायचंय ते एवढंच, की कर्णबधिर शिक्षक नेमला म्हणजे आपलं काम संपत नाही. वेळापत्रक, परीक्षा, प्रवेश, पैसा यांचे निर्णय जिथे होतात, तिथे त्यांची खुर्ची पाहिजे.

सुरुवात जाहिरातीने करू नका, आधी आपल्याच आवारात बघा. बहुतेक शाळांत एखादा कर्णबधिर माणूस आधीपासून असतोच. शिवणाच्या खोलीत, चित्रकलेच्या तासाला, नाहीतर वसतिगृहात मदतनीस म्हणून. मुलांची भांडणं तोच सोडवतो, कुणाला ताप आला तर त्यालाच आधी कळतं, सुट्टीवरून परतलेलं मूल घरचं सगळं त्यालाच सांगतं. पगारपत्रकात मात्र तो सगळ्यात खाली. त्याच्यासोबत एक दुपार बसा आणि शिक्षण किती झालंय ते विचारा. बारावी झाली असेल तर भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, डीटीआयएसएल, आणि तो खास कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे. दिल्लीला 2015 साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, तिथे तो चालतो. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता आहे. दोन वर्षं माणूस बाहेर राहणार, घरचे घाबरतात. घरी जाऊन बोला, परत आल्यावर नोकरी आहे असं लेखी द्या. नव्याने कुणाला घेणार असाल तर आरसीआयची नोंदणी बघा आणि तिचं नूतनीकरण झालंय का तेही बघा, नाहीतर मान्यतेच्या वेळी अडतं.

संस्थेत कुणी नाक मुरडलं तर 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा पुढे ठेवा. कलम 17 मध्ये सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमावेत असं म्हटलंय, आणि त्यात दिव्यांग शिक्षकांचा उल्लेख स्पष्ट आहे.

आता आपल्या सीमाभागाची गोष्ट. खानापूरकडचं मूल घरी मराठी बघतं, आजूबाजूच्या ओठांवर मराठीच असते. गोकाककडचं मूल कन्नड. शाळेत ऐकणाऱ्या शिक्षकांत काही मराठी, काही कन्नड, आणि सरकारी पत्रव्यवहार सगळा कन्नडमध्ये. गोकाकचे कर्णबधिर सर आणि खानापूरकडच्या जांबोटीची पोर मात्र पहिल्या दिवसापासून एकमेकांशी खुणांनी थेट बोलतात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. त्यामुळे कुठल्या मुलाला कुठली लिपी, कुठली पाठ्यपुस्तकं, हा प्रश्न येतो तेव्हा सगळ्यात आधी या शिक्षकांना विचारा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद त्याच कलम 17 मध्ये आहे. सूट कुठल्या भाषेतून घ्यायची, हा इथे फार जड निर्णय असतो. मराठी सोडली तर आईची चिठ्ठी वाचता येणार नाही, कन्नड सोडली तर पुढे ऑफिसात अडेल. बोटांनी अक्षरं दाखवायची तर ती इंग्रजीची, दोन्ही हातांनी, म्हणजे तिसरीच लिपी. ज्यांनी स्वतः हे भोगलंय त्यांनी आधी बोलावं, मग आपण.

वर्गात काय फरक पडतो ते एकदा डोळ्यांनी बघा. पाचवीतल्या मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘काल मी गाव जाणे.’ आपण लाल रेघ मारतो आणि बरोबर वाक्य वर लिहितो. मूल ते उतरवून घेतं आणि उद्या पुन्हा तसंच लिहितं. आमच्या कर्णबधिर सरांनी रेघ मारलीच नाही. फळ्यावर मुलाचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि खुणांनी म्हणून दाखवलं: काल, मी, गाव, जाणे. खुणांत ते बरोबरच आहे. आधी वेळ येते आणि काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही. मग खालच्या ओळीत मराठी लिहिलं, ‘काल मी गावाला गेलो.’ ‘गाव’च्या खाली ‘गावाला’, ‘जाणे’च्या खाली ‘गेलो’. वाढलेल्या ‘ला’भोवती गोल केला, ‘काल’पासून ‘गेलो’पर्यंत बाण ओढला. मग ‘काल’ पुसून ‘उद्या’ लिहिलं आणि खडू मुलाच्या हातात दिला. त्याने थोडं थांबून ‘जाणार’ लिहिलं. ही पद्धत पूर्ण शाळेत लागू करायची तर त्या सरांना भाषा विषयाचं प्रमुखपद द्या. बाकीच्यांनी त्यांच्या तासाला मागे बसून शिकावं. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात आज 10,000 हून जास्त शब्द आहेत, पुस्तकंही व्हिडिओत येत आहेत, पण व्हिडिओ मुलाच्या वहीत बघत नाही.

स्टाफ मीटिंगबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कर्णबधिर शिक्षक मागे पडतात ते इथेच.

विषय आदल्या दिवशी लिहून सगळ्यांना द्या, व्हॉट्सॲपवर टाका. खुर्च्या अर्धगोलात मांडा, म्हणजे प्रत्येकाचे हात आणि चेहरा दिसतो. मुख्याध्यापकांनी खिडकीला पाठ करून बसू नये, मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो. एका वेळी एकच बोलेल, आणि बोलण्याआधी हात वर करेल. दोन सेकंद थांबायचं, नजर वळू द्यायची, मग बोलायचं. दुभाषा बोलणाऱ्याच्या शेजारी बसवा. मीटिंग लांबणार असेल तर दोन दुभाषी ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी आलटूनपालटून काम द्या, हात आणि डोकं दोन्ही थकतं. बोलताना दुभाष्याकडे नाही, शिक्षकाकडे बघा. ‘त्यांना विचारा’ असं म्हणू नका, ‘सर, तुम्हाला काय वाटतं?’ असं थेट विचारा. खुणा येणाऱ्या सहकारी बाईंना फुकटची दुभाषी करू नका. त्यांनाही मीटिंगमध्ये मत द्यायचं असतं.

कागद वाटला तर वाचायला वेळ द्या आणि तोवर तोंड बंद ठेवा. एकाच वेळी कागद आणि हात दोन्ही बघता येत नाहीत. चहा आला की सगळे एकदम गप्पा सुरू करतात आणि खरा निर्णय तिथेच होऊन जातो. हे कटाक्षाने टाळा. चहाच्या वेळी ठरलेलं काहीही पुन्हा मीटिंगमध्ये घ्या. कुणी हसलं आणि सरांनी का हसले म्हणून विचारलं, तर ‘काही नाही, नंतर सांगते’ हे उत्तर शाळेतून कायमचं बंद करा. लहानपणी घरात जेवायला बसल्यापासून त्यांनी हेच ऐकलेलं, म्हणजे पाहिलेलं असतं. शेवटी ठराव फळ्यावर लिहा, कर्णबधिर शिक्षकांनी तो वाचून होकार दिल्यावरच नोंदवहीत घ्या.

पालकसभेत त्यांना व्यासपीठावर बसवा, आणि प्रवेशाच्या दिवशीही आपल्या टेबलाशी. दहातली नऊहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या घरी जन्मतात. त्या आईने मोठं झालेलं कर्णबधिर माणूस कधी पाहिलेलं नसतं. एक बाई पोराला मांडीवर घेऊन आमच्या सरांना प्रश्न विचारत होत्या: तुमचं लग्न झालंय का, बायकोला ऐकू येतं का, गाडी चालवता का, बँकेत एकटे जाता का. डॉक्टरकडे त्यांनी यातलं काहीच विचारलं नव्हतं. आणि मुलांचं म्हणाल, तर मोठं झालो की मला ऐकू येईल असं समजणारी मुलं मी एक नाही, बरीच पाहिली. मोठं कर्णबधिर माणूस समोर नसेल तर त्या मुलाने दुसरं काय समजावं?

जबाबदारी देताना अधिकारासकट द्या. वसतिगृह दिलं तर मदतनिसांची रजा मंजूर करायचा आणि किराणा मागवायचा अधिकारही द्या. परीक्षा दिली तर वेळापत्रक त्यांनी ठरवावं, आपण ते बदलू नये. वर्ष-दोन वर्षांत उपमुख्याध्यापकपद द्या. हमखास विचारतील, ‘बीईओ ऑफिसातून, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडून, फोन आला तर कोण घेणार?’ फोन क्लार्क घेईल आणि निरोप लिहून देईल. ऐकू येणाऱ्या मुख्याध्यापकांचेही फोन क्लार्कच घेतो. बाकी ईमेल आहे, व्हिडिओ कॉल आहे. तपासणीला अधिकारी आले तर कन्नड आणि खुणा दोन्ही येणारा दुभाषा आधी सांगून ठेवा, आणि वर्ग दाखवायला सरांनाच पुढे करा.

संस्थेच्या कार्यकारी मंडळापर्यंत गेल्याशिवाय हे टिकत नाही. 1880 मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणाची परिषद झाली, तिथे शिक्षणातून खुणा काढून टाकायचं ठरलं, आणि ते ठरवणारे जवळपास सगळे ऐकणारे होते. तो ठराव चुकीचा होता हे जाहीरपणे म्हणायला 2010 उजाडलं, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या परिषदेत. मधल्या काळात किती पिढ्यांचे हात बांधले गेले! अमेरिकेत कर्णबधिरांसाठी असलेल्या गॅलोडेट विद्यापीठात 1988 च्या मार्चमध्ये ऐकणाऱ्या अध्यक्षांची निवड झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी फाटकं अडवली. कर्णबधिर अध्यक्ष तर त्यांनी मागितलाच, शिवाय विश्वस्त मंडळात 51 टक्के कर्णबधिर हवेत असंही मागितलं. आठवड्याभरात आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. विद्यापीठ 1864 पासूनचं, आणि ते पहिले कर्णबधिर अध्यक्ष.

आपल्या ट्रस्टच्या घटनेत निदान दोन कर्णबधिर सदस्यांची तरतूद करून घ्या. एकाला बहुमतापुढे मान डोलवावी लागते, दोघे असले तर आपसात बोलून मुद्दा धरून ठेवतात. त्यातला एक शाळेचा माजी विद्यार्थी असावा. दुभाष्याचं मानधन अंदाजपत्रकात वेगळ्या नावाने दाखवा, ‘किरकोळ’मध्ये टाकलं की पहिल्याच काटकसरीत ते जातं. आणि चेकवर सही करणाऱ्यांत एक नाव कर्णबधिर सदस्याचं घाला. बँकेत ठरावाची प्रत, फोटो, ओळखपत्र घेऊन त्यांच्यासोबत तुम्ही स्वतः जा. काउंटरवर तुमच्याकडे बघून प्रश्न विचारले, तर कागद-पेन सरांपुढे सरकवा आणि त्यांना उत्तर लिहू द्या.