सीबीसीटीतला तो १८ आकडा

पीजीच्या दुसऱ्या वर्षात मी एक रिपोर्ट ठोकून दिला: 'द्रव भरलेली सिस्ट'. खालच्या जबड्यात, दाढांच्या मागे, कडा रेखीव. सीबीसीटीवर (शंकूसारख्या किरणांचा, दात-जबड्यांसाठीचा सीटी) लिझनच्या, म्हणजे त्या विकृत भागाच्या, मधोमध आरओआय (मोजणीची छोटी चौकट) ठेवला, राखाडीपणाचा आकडा आला १८. सीटीच्या हाउन्सफील्ड (एचयू) मोजपट्टीवर पाणी ०, मऊ ऊती ४०च्या आसपास, म्हणजे द्रवच की! बायोप्सीत निघाला अमेलोब्लास्टोमा, म्हणजे जबड्यातला ट्यूमर, बराचसा भरीव. सर्जनचा तो फोन आठवला की अजून कानशिलं तापतात.

हे नीट समजून घ्या, कारण सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही. काही सॉफ्टवेअर तर आकड्यापुढे बिनदिक्कत 'एचयू' छापतात. सीबीसीटीतला तो आकडा भरवशाचा हाउन्सफील्ड नसतो. किरण शंकूसारखे पसरतात, त्यामुळे स्कॅटर (भरकटलेले किरण) जास्त. त्यात एफओव्ही (स्कॅनची चौकट) लहान घेतला की चौकटीबाहेरचं हाड-मांसही किरण अडवतं, पण यंत्राला ते पुरतं दिसत नाही. मग हिशेब चुकतो. नंतर मी त्याच लिझनमध्ये आरओआय जेमतेम सेंटीमीटरभर सरकवला, तर आकडा शंभराहून जास्त हलला. शेजारी धातूचा क्राउन असेल तर विचारूच नका.

सीबीसीटी टाकाऊ नाही हं. कॉर्टेक्स (हाडाचं बाहेरचं कठीण कवच) फुटलंय का, मुळं झिजलीत का, नर्व्ह कॅनाल कुठे ढकलला गेलाय, हे ०.२ मिमीच्या व्हॉक्सेलवर (चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा) फार छान दिसतं, आणि डोसही सहसा कमी. पण आत काय आहे, किंवा गाठ हाडाबाहेर पडलीय का, हा प्रश्न असेल तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) देऊन एमडीसीटीच, म्हणजे हॉस्पिटलातला नेहमीचा सीटी. भरीव भाग उजळतो, द्रव उजळत नाही. तिथेही पातळ स्लाइस मागा. ३ मिमीच्या स्लाइसमध्ये कॉर्टेक्सचं बारीक छिद्र विरून जातं. आणि आकड्याला तिथेही देव मानू नका, केराटोसिस्ट या जबड्यातल्या सिस्टमधलं घट्ट केराटिन तो वर चढवतं.

सीनियर देतात ती रिपोर्टची टेम्प्लेट आधी डिलीट करा. माझी 'द्रव भरलेली' ही ओळ तिथूनच आली होती. त्यापेक्षा सीटीच्या टेक्निशियनजवळ दोन दुपारी बसा.

सुरुवातीचे कित्येक स्कॅन नुसते राखाडी दिसतात, सगळ्यांनाच. 'आतला भाग द्रव की भरीव, सीबीसीटीवर सांगता येत नाही' असं मी पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा त्याच सर्जनचा फोन आला. घाबरतच उचलला. त्यांनी एवढंच विचारलं, "कॉन्ट्रास्टची चिठ्ठी तू लिहितोस की मी लिहू?"