थ्रिलरचा पहिला सीन करालास? आधी धुक्याचं मशीन परत देऊन ये

दर पावसाळ्यात एकतरी पोरगा विचारतोच, दादा सायकॉलॉजिकल थ्रिलर शॉर्टफिल्म करालोय, सुरुवात कशी करू, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून मोकळा होतो, रात्र, धुकं, करकरणारं दार, लांबनं कुत्रं रडतंय आणि मागं ढॅण्ण करून म्युझिक. बाबा, हे सगळं आम्ही करून बसलोय. खानापूरच्या पुढं आमच्या मावशीचं जुनं कौलारू घर आहे, तिथं चौघांनी तीन रात्री जागून हेच शूट केलं, धुक्याचं मशीन बेळगावातनं भाड्यानं नेलं होतं, आणि एका कॉलेजात दाखवलं तर पहिल्याच मिनिटाला मागच्या बाकावरनं कुणीतरी कुत्र्यासारखं ओरडलं आणि अख्खा हॉल हसून लोळला. चूक पब्लिकची नव्हती. भीतीचा बोर्ड लावून दारात उभं राहिलं की माणूस आधीच सावरून बसतो, मग त्याला काय घाबरवणार.

तर पहिलं काम म्हणजे कागदावर एकच प्रश्न लिही, हे सगळं कोण बघतंय? कॅमेरा कुठं ठेवायचा, लेन्स कुठली, ते नंतर. आधी तो डोळा कुणाचा ते ठरव.

हिचकॉकचा सायको सिनेमा बघ, १९६० चा. सुरुवातीला शहर दिसतं आणि पडद्यावर गाव, वार, तारीख, वेळ सगळं येतं, फिनिक्स, शुक्रवार ११ डिसेंबर, दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. भर दुपार आहे, अंधार नाही, धुकं नाही. मग कॅमेरा एवढ्या खिडक्यांतनं एक खिडकी निवडतो आणि पट्ट्यांचा पडदा जरासा वर आहे त्याच्या खालनं आत घुसतो, आत एक जोडपं आहे. अजून काही म्हणजे काही झालेलं नाही, पण आपण दुसऱ्याच्या खोलीत चोरून बघायला लागलोय हे आपल्या अंगाला कळलेलं असतं. आणि ते २:४३ कशाला? अडीच लिहिलं असतं तर नुसती माहिती झाली असती, २:४३ लिहिलं की वाटतं कुणीतरी नोंद ठेवतंय, पंचनाम्यात असते तशी. हे फुकट आहे बघ, याला एक रुपया खर्च नाही.

मिखाएल हानेकेचा काशे सिनेमा आहे २००५ चा, त्यात तर याहून सोपं. रस्त्याकडेचं एक घर, कॅमेरा जागचा हलत नाही, आपल्या टिळकवाडीत दुपारी एखादी गल्ली दिसते तसं सगळं सुस्त, एखादा माणूस जातो, आपण कंटाळतो, आणि मग दोन माणसांचे आवाज येतात, चित्र सरसर पळायला लागतं तेव्हा कळतं की आपण बघत होतो ती व्हिडिओ कॅसेट आहे, त्या घरातलीच माणसं ती बघताहेत आणि ते शूट कुणी केलं हे त्यांनाही माहीत नाही. म्हणजे एवढा वेळ आपण ज्या डोळ्यानं बघत होतो तो डोळा नेमका कुणाचा, इथंच पोटात गोळा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उठून आमच्याच खिडकीचा पडदा ओढला होता, खोटं नाही सांगत.

ड्रोनवाल्यांसाठी एक गोष्ट. चोर्ला घाटात ड्रोन उडवून हिरवंगार दाखवायचं आणि त्याला थ्रिलरची सुरुवात म्हणायचं, हे बंद करा रे. द शायनिंग सिनेमात (१९८०) पण वरनंच शॉट आहेत, डोंगरातला रस्ता आणि एवढीशी पिवळी फोक्सवॅगन, पण तो कॅमेरा गाडीच्या मागं लागतो, तिला गाठतो आणि एका ठिकाणी तिला सोडून बाजूला निघून जातो, म्हणजे त्याला स्वतःची मर्जी आहे. वर मागं जी धून आहे ती डिएस इरे नावाच्या जुन्या लॅटिन मृत्यूगीतावरची. तुझ्या ड्रोनला मर्जी नाही, नुसती बॅटरी आहे.

अंधाधुन सिनेमाची (२०१८) सुरुवात कोबीच्या शेतात होते, एका डोळ्याचा ससा आणि बंदूक घेतलेला माणूस. त्यांचं पुढं काय होतं ते सांगत नाही, पण आपल्याकडं कोबीची शेतं काय कमी आहेत?

आता आम्ही दुसऱ्यांदा काय केलं ते नीट सांगतो, कारण हे मशीन परत दिल्यावर सुचलं. मावशीच्या घरात पावसाळ्यात सोप्यावर तीन ठिकाणी गळतं, तिनं खाली तीन भांडी ठेवलेली, एक पितळी तपेलं, एक जर्मनचं पातेलं आणि एक रंगाची रिकामी बादली. तिन्हींचा आवाज वेगळा, टण, टक, डुब. आम्ही तेवढंच घेतलं. एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलीय, बादली तिच्या पाठीमागं, कॅमेरा समोर आणि हलत नाही. पहिली पन्नास सेकंदं काहीच नाही, टण, टक, डुब, टण, टक, डुब. ही पन्नास सेकंदं कापायची नाहीत, एडिटिंगला बसलेला पोरगा कापा म्हणून मागं लागेल, ऐकू नको, कारण तेवढ्या वेळात बघणाऱ्याच्या कानात तो ठेका बसतो आणि तो बसल्याशिवाय मोडता येत नाही.

मग डुब थांबतं. टण, टक, आणि जागा रिकामी. पाऊस तसाच चालू आहे, म्हणजे गळायचं काही थांबलेलं नाही, ते पाणी आता बादलीत न पडता दुसऱ्या कशावर तरी पडतंय.

इथं हात शिवशिवतात, बादली दाखवू, सावली दाखवू. अजिबात नाही. बाईचा हात सुपात एक क्षण थांबला आणि परत तांदूळ निवडायला लागला, बस. ती किंचाळली असती तर हॉरर झालं असतं. ती परत खडे काढायला लागली म्हणूनच ते सायकॉलॉजिकल होतं, कारण आता बघणाऱ्याला मागं कोण आहे यापेक्षा ही बाई अशी कशी हा प्रश्न पडतो. आणि मग मान न वळवता ती म्हणते, “भिजालास की, जरा इकडं सरक.” कट. मग फिल्मचं नाव.

टेक्निकल थोडंसं. मोबाईलवर शूट करत असशील तर स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक कर, नाहीतर बाई हलली की उजेड आपोआप कमीजास्त होतो आणि सगळं मूड जातंय. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेव, ट्यूबलाइट किंवा एलईडी फडफडणार नाही. खरा पाऊस समोरनं लाईट मारून दिसत नाही, लाईट मागनं पाहिजे. कौलावरच्या पावसाचा आवाज माईकमध्ये भजी तळल्यासारखा येतो, म्हणून प्रत्येक भांड्याचा थेंब पाऊस उघडल्यावर वेगळा रेकॉर्ड कर, मगानं थेंबथेंब पाणी सोडून केलंस तरी चालतं, आणि रिकाम्या घराचा मिनिटभर नुसता आवाज घेऊन ठेव. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या टीव्हीवरच्या कन्नड बातम्या आल्या होत्या, त्या ठेवल्या, घरात मराठी आणि भिंतीपलीकडं कन्नड हे आमच्याकडचं रोजचंच, आणि रोजचं जितकं जास्त तितकं ते मोडल्यावर लागतं. पोटात घुमणारं जाड म्युझिक मात्र लावू नको, निम्मं पब्लिक मोबाईलच्या स्पीकरवर बघतंय, त्यावर ते वाजतच नाही.

लांबी बरोबर आहे का ते घरच्या कुणालातरी दाखवून बघ, पण त्यांचा चेहरा बघत बस, स्क्रीन नको. ठेका मोडला की हातातला चहाचा कप मध्येच थांबायला पाहिजे. मावशीचा थांबला. मग म्हणाली, “तो कोण ते नंतर सांग, आधी माझं सूप कुठं ठेवलासा ते सांगा.”

उरलेले दोन सीन यंदा करणार होतो, पण मावशीनं मे महिन्यातच अख्खं घर शाकारून घेतलंय, एक थेंब गळत नाही. आता एक कौल सरकवू काय म्हणून तिला कुणी विचारायचं, यावरनं आमच्या चौघांत भांडण चालू आहे.