सोलरचा भाडेकरार मुदतीआधी सोडताना

छतावरचे सोलर पॅनल एका कंपनीकडून भाड्याने घेतलेत आणि मुदतीआधीच दुसरीकडे जायचंय. नव्या कंपनीचा माणूस पहिल्याच भेटीत म्हणतो, 'जुन्या कराराचं आमच्यावर सोडा.' सोडू नका. त्या करारावर सही तुमची आहे आणि मुदतीआधी बाहेर पडल्याच्या भरपाईचं बिलही तुमच्याच नावाने निघणार आहे. कारखाने, गोदामं, कार्यालयं, बऱ्याच छतांवरचे करार मी सोडवले आहेत. बाहेर पडण्याचा आकडा लेखी हातात येईपर्यंत नव्या करारावर सही करायची नाही, एवढं पथ्य पाळतो.

करार परिशिष्टांसकट काढा आणि नोटीस कधी, कुणाला द्यायची ते बघा. कंपनीने मधल्या काळात करार एखाद्या गुंतवणूकदाराकडे वर्ग केला असेल, तर नोटीस त्यालाही पाठवा.

आता आकडा. इथे मी एकदा चांगलाच आपटलो आहे. आमचं आठवं वर्ष चालू होतं म्हणून कंपनीला फोनवर आठव्या वर्षाची रक्कम विचारली, त्यांनी सांगितली, मी ती मालकांना कळवून नोटीस धाडली. बिल आलं ते त्याहून बरंच मोठं. कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता होता: एका रकान्यात करार वर्ष, दुसऱ्यात रक्कम. खाली तळटीप, की वर्ष सहीपासून नव्हे तर वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून मोजायचं. परवानग्यांत पाच महिने गेले होते, म्हणजे आम्ही अजून सातव्याच ओळीत. सात आठवडे थांबलो असतो तर एक ओळ खाली उतरलो असतो. नोटीस मागे घेता येत नव्हती.

तेव्हा आधी तक्ता शोधा. त्यातली रक्कम बहुधा वर्षाला एकदाच उतरते. वर्ष पालटायला थोडे दिवस उरले असतील तर भाडं भरत थांबणं स्वस्त पडतं का, ते मांडून बघा. तारीख नोटिशीची धरतात की करार संपल्याची, हेही वाचा.

काही करारांत तक्ता आणि बाजारमूल्य यांतलं जे जास्त ते, असं लिहिलेलं असतं. मग मूल्य काढणारा दोघांनाही मान्य असलेला त्रयस्थ हवा. कंपनीचा माणूस जुनी खरेदी किंमत धरून घसारा वजा करतो. पॅनल गेल्या दशकभरात इतके स्वस्त झालेत की त्या किमतीला आज काही अर्थ नाही. शिवाय पॅनलची क्षमता वर्षाला साधारण अर्धा टक्का घटते, आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) 10 ते 15 वर्षांत बदलावाच लागतो. तो खर्च मूल्यातून वजा करायला लावा.

आणि एक प्रश्न लेखी विचाराच: ही रक्कम भरल्यावर पॅनल कुणाचे? पूर्ण भरपाई घेऊन वर पॅनल उतरवण्याचा खर्च लावणारी बिलं मी पाहिली आहेत. पॅनल तुमचे होणार असतील तर त्यांच्यावर कर्जाचा बोजा उरलेला नाही, असं पत्र घ्या. 'अंदाजे' लिहिलेला आकडा घेऊ नका. कर धरून अंतिम रक्कम आणि ती कोणत्या तारखेपर्यंत लागू, हे दोन्ही हवं.

पुढचं सोपं आहे. निर्मितीच्या नोंदी नोटिशीआधीच उतरवून घ्या, नंतर लॉगिन बंद पडतं. छताचे आणि मीटर रीडिंगचे फोटो काढून ठेवा. क्षमता किंवा इन्व्हर्टर बदलणार असेल तर नेट मीटरचा (वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला परत दिलेली वीज मोजणारा मीटर) अर्ज बहुधा नव्याने करावा लागतो. तो लवकर टाका.

पॅनल उतरवायला आपला रोजचा वायरमन वर चढवू नका. मेन स्विच पाडला तरी उजेड असेपर्यंत पॅनलच्या तारांत वीज असतेच, आणि मोठ्या छतांवर एका स्ट्रिंगचा, म्हणजे ओळीने जोडलेल्या पॅनलच्या माळेचा दाब 1000 व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. बोल्टची भोकं बुजवून झाली की छतावर पाणी सोडून बघा, मगच कामपूर्तीच्या कागदावर सही करा.

नवा करार आला की मी तो शेवटच्या पानापासून वाचतो. तक्ता नसेल तर मागून घेतो. रक्कम दरमहा उतरणारी, आणि करार वर्ष सहीच्या तारखेपासून.