राख काळी राहते? तापमान वाढवण्याआधी या चुका टाळा

राखेच्या चाचणीत नमुना भट्टीत पूर्ण जाळायचा आणि मागे उरलेली खनिजांची राख तोलायची. ही राख काळपट राहिली, म्हणजे आत न जळलेला कार्बन उरला, की नवशिक्यांचा हात थेट तापमानाच्या बटणाकडे जातो. कार्बन जळायला ऑक्सिजन लागतो. हवा नसेल तर कितीही तापवा, कोळसाच उरणार. म्हणूनच खास राखेसाठी बनवलेल्या भट्टीत हवा आत घ्यायला छिद्रं आणि धूर ओढून न्यायला वर चिमणी असते. साध्या मफल भट्टीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद विजेच्या भट्टीत, ही सोय बेताचीच.

एका प्रयोगशाळेत पिठाची राख कायम काळी येत होती. भट्टीच्या पडद्यावर ५५० अंश सेल्सिअस, अगदी बरोबर. तिथल्यांनी ते ७५०पर्यंत नेलं. राखेचा टक्का घसरला, वर क्रुसिबलच्या (नमुना जाळायच्या छोट्या उष्णतारोधक भांड्याच्या) तळाला काचेसारखा थर चिकटला. पोटॅशियमचे क्षार वितळले होते, काही उडून गेले होते आणि उरलेला कार्बन त्या थराखाली कोंडला होता. मी भट्टीच्या मागे पाहिलं, तर चिमणीच्या तोंडात सिरॅमिक लोकरीचा बोळा! उष्णता वाया जाते म्हणून कोणीतरी कोंबलेला. तो काढला, क्रुसिबल जरा लांब लांब ठेवली आणि ५५०लाच पांढुरकी राख मिळाली.

दुसरी चूक घाईची. नमुना आधी हॉट प्लेटवर धूर थांबेपर्यंत करपवायचा असतो. हे टाळून तापलेल्या भट्टीत सारला की तो भडकतो, कण उडतात आणि शेजारच्या क्रुसिबलमध्ये पडतात. साखर आणि तेल असलेले नमुने तर फुगून बाहेरच येतात. मी अर्धा तास करपवण्यात घालवते. तो वाचवणाऱ्यांची अख्खी बॅच पुन्हा करावी लागताना पाहिली आहे.

दगडी कोळशाचा नमुनाही एकदम ८१५ अंशांवर नेऊ नका. सावकाश ५००पर्यंत न्या, तिथे थांबा, म्हणजे गंधक आधी निघून जाईल. नाहीतर ते कॅल्शियमशी बांधलं जातं आणि राख जास्त भरते.

शिसं, कॅडमियम मोजायचं असेल तर ५००च्या वर जाऊच नका.

क्रुसिबलवर मार्करने नंबर घालू नका, जळून जातो.

गरम क्रुसिबल तराजूवर ठेवू नका. वर उठणाऱ्या गरम हवेने वजन कमी दिसतं. डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) पूर्ण थंड होऊ द्या, मग लगेच वजन घ्या, कारण राख ओलावा पटकन शोषते.

इतकं करूनही काळे ठिपके राहिले, तर राख थंड करून पाण्याचे दोन-चार थेंब टाका. क्षार विरघळतात, कोंडलेला कार्बन उघडा पडतो. हॉट प्लेटवर पूर्ण सुकवा आणि त्याच तापमानाला पुन्हा भट्टीत ठेवा.