ओहमच्या आकड्याला घाबरू नका: डेस्कटॉपवर ‘जड’ हेडफोन वाजवताना या चुका टाळा

नवा, नावाजलेला हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये खोचला, आवाज शंभरवर नेला, तरी गाणं शेजारच्या खोलीत वाजतंय असंच वाटत राहिलं. मग बहुतेक जण जे करतात तेच मीही केलं. हेडफोनला जास्त शक्ती पुरवणारा, आणि ज्यावर सगळ्यात जास्त वॉट छापलेत असा अ‍ॅम्प शोधत बसलो. निम्म्या तक्रारी अ‍ॅम्पशिवायच मिटल्या असत्या, हे कळायला बराच वेळ गेला.

ओहम जास्त म्हणजे हेडफोन जड, असं धरून चालणं

जड म्हणजे वाजवायला जास्त शक्ती लागणारा. सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. इंपीडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) एवढंच सांगतो की हेडफोनला व्होल्टेज जास्त लागेल की करंट. आवाज किती मोठा होईल ते सेन्सिटिव्हिटीवर, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती डेसिबल देतो यावर ठरतं. त्यातही मेख अशी की काही कंपन्या हा आकडा एका मिलिवॉटला देतात, तर काही एका व्होल्टला. एकेजी के७०२ च्या माहितीत १०५ डेसिबल दिसतं आणि वाटतं, हा तर सहज वाजेल. पण ते १०५ एका व्होल्टचे आहेत. त्याचा इंपीडन्स ६२ ओहम, म्हणजे मिलिवॉटच्या हिशेबात ते जेमतेम ९३ भरतात.

गाण्यातले सर्वात मोठे ठोके ११० डेसिबलपर्यंत न फाटता पोचावेत, एवढं उद्दिष्ट धरू. (सरासरी आवाज त्याच्या कितीतरी खाली ठेवायचा, कान एकदाच मिळतात.) बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओहम, मिलिवॉटला ९६ डेसिबल: त्याला लागतात अडीच व्होल्ट, २५ मिलिवॉट आणि फक्त १० मिलिअँपिअर. के७०२ ला व्होल्ट १.८ च पुरतात, पण शक्ती दुप्पट लागते आणि करंट जवळजवळ तिप्पट. हायफायमॅन एचई-६ ची गोष्टच वेगळी. ५० ओहम, ८३.५ डेसिबल, म्हणून पावणेपाच व्होल्ट आणि साडेचारशे मिलिवॉट. खरा जड हेडफोन हा, आणि ओहम पाहिले तर तिघांत सर्वात कमी याचेच.

२५० ओहमवाल्याला एक व्होल्ट दिला तरी १०२ डेसिबल मिळतात आणि दोन दिले तर १०८. म्हणजे तो पुटपुटल्यासारखा वाजत असेल, तर शंका आधी दुसरीकडे घ्यायला हवी.

फुकटच्या गोष्टी न तपासणं

हेडफोन मागच्या जॅकला लावून पाहा. काही मदरबोर्डांवर हेडफोनचा अ‍ॅम्प फक्त पुढच्या जॅकला असतो, काहींवर मागच्या. रिअलटेकचा (मदरबोर्डवरच्या ध्वनी-चिपचा) ड्रायव्हर ‘कोणतं उपकरण लावलं?’ असं विचारतो तेव्हा घाईत स्पीकर निवडला जातो. तिथे हेडफोन निवडा, गेनचा (आवाज किती पट वाढवायचा त्याचा) पर्याय असेल तर तोही बघा. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब असतो. कॉल चालू असताना बाकीचा आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचा पर्याय तिथे आधीपासूनच निवडलेला असतो. लिनक्सवाल्यांनी अल्सामिक्सर हा आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्राम उघडून हेडफोनची पट्टी खाली राहिली नाही ना, ते पाहावं.

सोर्सचा स्वतःचा इंपीडन्स विसरणं

सोर्स म्हणजे हेडफोन ज्याला लावतो तो जॅक किंवा यंत्र. काही मदरबोर्डांच्या मागच्या जॅकवर ७५ ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. त्याला ३२ ओहमचा हेडफोन लावला की साडेदहा डेसिबल तिथेच गळतात, म्हणजे कानाला आवाज निम्मा वाटतो. २५० ओहमच्या हेडफोनचं नुकसान मात्र दोन-सव्वादोन डेसिबलच. शिवाय बऱ्याच डायनॅमिक हेडफोनचा इंपीडन्स खालच्या सुरांत वर चढतो, त्यामुळे बास फुगतो आणि ढबढब होतो. सोर्सचा इंपीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा ढोबळ नियम पुरेसा आहे.

म्हणूनच बोटाएवढा यूएसबी डोंगल (यूएसबीतून हेडफोनचा जॅक देणारं यंत्र) मी आधी सुचवतो. अ‍ॅपलच्या साध्या डोंगलचा इंपीडन्स एक ओहमच्या आसपास आणि व्होल्टेज साधारण एक. युरोपातली आवृत्ती मात्र निम्म्यावर थांबते, ती टाळा. दोन व्होल्ट देणारे डोंगलही मिळतात, आणि २५० ते ३०० ओहमच्या बऱ्याच हेडफोनना तेवढ्यात भागतं. घरात जुना स्टीरिओ अ‍ॅम्प धूळ खात असेल तर त्याचाही हेडफोन जॅक वापरता येतो. तिथे बहुधा शेकडो ओहमचा रेझिस्टर असतो, तेव्हा ३०० ओहमवाला छान वाजेल आणि ३२ ओहमवाला बिघडेल.

खरखरीवर जास्त वॉटचा उतारा

माउस हलवला की किरकिर, गेम सुरू झाला की चिरचिर: हा शक्तीचा प्रश्न नाही, कॅबिनेटच्या आतला विजेचा गोंगाट आहे. मोठा अ‍ॅम्प तोही मोठा करून ऐकवेल. अ‍ॅम्पची इनपुट केबल काढून पाहा. आवाज थांबला तर तो संगणकाकडून येतोय. मग कॅबिनेटबाहेरचा डॅक (डिजिटल गाण्याचा वीजसंकेत करणारं यंत्र) वापरा. घूंऽऽ असा आवाज राहिलाच तर संगणक आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा किंवा ऑप्टिकल केबल वापरा, कारण तिच्यातून वीज जातच नाही.

बॅलन्स्ड जॅकला साधा प्लग जोडणं

या यादीत यंत्र जाळणारी चूक हीच. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये दोन्ही बाजूंचे ऋण टोक वेगळे आणि जिवंत असतात. तीन पट्ट्यांच्या साध्या प्लगात ते एकत्र येतात आणि शॉर्ट होतं. एचई-६ सारखे हेडफोन थेट स्पीकरच्या टर्मिनलला लावणारेही आहेत. ब्रिज केलेल्या (दोन अ‍ॅम्प जोडून एक बाजू चालवणाऱ्या) अ‍ॅम्पवर तिथेही हाच धोका.

हाय गेनवर नॉब जेमतेम उघडणं

‘नॉब थोडासा फिरवला तरी दणका, म्हणजे अ‍ॅम्प दमदार’ असं नसतं. तो फक्त गेन आहे. स्वस्त नॉबमध्ये सुरुवातीच्या भागात एक कान हळू वाजतो. विंडोज शंभरवर ठेवा, गेन लो करा, मग नॉब मोकळा फिरवता येतो.

अ‍ॅम्पने सूर बदलेल, ही आशा

डीटी ९९० चे वरचे सूर टोचतात ते उपाशी असल्यामुळे नाही, त्याची घडणच तशी आहे. सोर्सचा इंपीडन्स कमी असेल आणि आवाज पुरेसा येत असेल तर आणखी वॉटनी त्यात काही फरक पडणार नाही. तिथे इक्वलायझर एपीओ हे सूर कमी-जास्त करणारं मोफत सॉफ्टवेअर कामी येतं. बास ६ डेसिबलने उचललात तर त्यातला एकूण पातळी ठरवणारा प्रीअ‍ॅम्प तेवढाच उणे करावा लागतो, नाहीतर आवाज फाटतो. आणि तेवढा उणे केल्यावर पहिल्याइतकाच मोठा आवाज हवा असेल, तर डीटी ९९० ला अडीचच्या जागी पाच व्होल्ट लागतात. आता मात्र डोंगल पुरत नाही, अ‍ॅम्प घ्यायला हरकत नाही.