तीनचा आठ

छत्रपती चौकात सिग्नलला माझ्या गाडीचा बंपर एका स्कूटरला घासला. स्कूटरवाले भाऊ उठले, पँट झटकली, टपरीवर माझ्याच पैशानं चहा घेतला अन् स्कूटर चालवत निघून गेले. पाच आठवड्यांनी नोटीस आली: पाय फ्रॅक्चर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ. मागोमाग मध्यस्थाचा फोन, "ऐंशी हजारात मिटवून टाका न भाऊ."

बायको म्हणे, देऊन टाका, कटकट नको. पण पॉलिसीतच अट असते: कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही, पैसेही द्यायचे नाहीत. नोटीस त्याच दिवशी कंपनीला ईमेल केली, वर स्पीड पोस्टानं. सोबत डॅशकॅमची क्लिप. (नशीब, वेगळी ठेवली होती, कार्डावर जुनं आपोआप पुसलं जातं.) कंपनी पंधरा दिवस ढिम्म. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं तेव्हा कुठं तपासनीस आला.

त्यानं स्कूटरवाल्याचं डिस्चार्ज कार्ड खिडकीशी उजेडात धरलं. दाखल तारखेतल्या ३ चा ८ केलेला, शाई जराशी निळसर. एक्स-रेवर मात्र ३ च. अन् अपघात ६ तारखेचा!

कंपनीच्या वकिलानं उत्तर धाडलं. मध्यस्थ आता फोन उचलत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, पण क्लिप काही मी पुसत नाही.